लेकीच्या गावचा मतदार

पाहुणा म्हणून आले अन घर आपलं करून बसले, असे लोक मी लय पाह्यले. पण आख्खं घर आपल्या तालावर नाचवूनही पाहुणाच राह्यलेला माणूस आख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, अन तो माहा इवाई आहे. इवाई म्हणजे व्याही, माह्या सुनेचे वडील. त्याहिचं गाव देऊळगाव राजाच्या बाजूले, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाले. आमचं वडनेर भोलजी या टोकाले. इवाईनबाई वारल्या, लेक एकुलती एक, म्हणून सूनबाईनं त्याहिले "चार दिवस चला" म्हणून आणलं. ते चार दिवस अजून सरले नाहीत. थैली भरून खुंटीले टांगलेली आहे, अन रोज सकाळी तोंड धुतलं की इवाई जाहीर करतात, "परवा निघतो बरं का मी." पहिल्या वर्षी मी म्हणत होतो, "राहा ना इवाई, घाई काय हाय?" आता मी नुसतं "बरं" म्हणतो अन चहा पितो.

याचं मूळ एका जुन्या रीतीत आहे. लेकीच्या बापानं लेकीच्या सासरचं पाणी पिऊ नये, असं पहिले मानत. तिले लेकरू झालं की हे बंधन सुटते, हेही सारे मानतात. सूनबाईले दोन लेकरं आहेत, मोठ्याले मिसरूड फुटून राह्यली. पण इवाई म्हणतात, "ते तुमच्याकडचं. आमच्याकडं सुटत नाय." मी त्याहिच्या गावच्या दोन म्हाताऱ्यायले विचारलं, तर ते म्हणाले, आमच्याकडेही सुटते. हे इवायाले सांगितलं तर म्हणाले, "ते लोक बिघडलेले हायत." तर इवाई आमच्या घरचं पाणी पीत नाहीत. पितळी लोटा घेऊन चौकातल्या नळावर जातात. आता ग्रामपंचायतीची टाकी एक, पाइप एक, अन तोच पाइप पुढं आमच्या न्हाणीत येते. मी एकदा त्याहिले पाइपाच्या कडेकडेनं चालवत घरालोक आणलं, म्हटलं पाहा. इवाई म्हणाले, "तुमच्या नळाचं पाणी तुमचं, चौकातलं पाणी सरकारचं. सरकार काय माझ्या लेकीचं सासर हाय का?"

अन्नाचंही तसंच. त्याहिचं वावर तिकडं बटईनं दिलेलं आहे, तिथून जवारीचं पोतं येते, त्याच जवारीची भाकर ते खातात. एकदा पोतं यायले उशीर झाला तर सूनबाईनं गुपचाप आमच्या कोठीतली जवारी दळली. इवायानं पहिला घास घेतला, डोळे मिटले अन मले म्हणाले, "बघा इवाई, ह्याला म्हणत्यात जवारी! तुमच्या मातीत ही चव यायची नाय." माह्या तोंडातला घास तोंडातच राह्यला. सूनबाई पदर तोंडाले लावून परसात पळाली.

बरं, पाणी न पिणारा हा पाहुणा गप बसते म्हणाल, तर तसंही नाही. आमची म्हैस त्याहिच्याशिवाय कोणाले कासेले हात लावू देत नाही. सोयाबीन कधी पेरायचं अन कधी विकायचं, ते इवाई ठरवतात. मी माह्याच घरात टीव्हीचा आवाज वाढवला तर तिकडून एक खाकरणं येते, अन मी कमी करतो. मी हट्टी माणूस आहे, गावाले विचारा; मी कोणाचं ऐकत नाही. पण त्या खाकरण्याले काय करावं, ते मले समजत नाही.

मतदानाचा दिवस आला की इवाई देऊळगावच्या वाटेले लागत. धुतलेलं धोतर, परीट घडीची टोपी, बुलढाण्याले गाडी बदलायची, चिखलीले बदलायची, अन आपल्या गावात जाऊन मत द्यायचं. मी म्हणे, "इवाई, नाव इकडं आणून घ्या ना, कायले हाडं खिळखिळी करता?" ते म्हणत, "लेकीच्या गावात पाणी पीत नाय, मत काय देऊ?"

मागच्या लोकसभेले ते असेच गेले अन दुसऱ्या दिवशी वापस आले. डावा हात बंडीच्या खिशात. जेवतानाही खिशात. सूनबाईनं तो हात ओढून बाहेर काढला तर बोट कोरं. शाई नाही.

मी म्हटलं, "काऊन इवाई, मशीन बिघडली काय?"

"कार्ड हाय, नाव नाय," इवाई म्हणाले.

मले काही उमजलं नाही. मी त्याहिचं मतदान कार्ड हातात घेऊन पाह्यलं. फोटो होता, काळ्या मिशा होत्या, गाव होतं, शिक्का होता. मी तिसरी शिकलो आहे, एवढं मले वाचता येते. ज्याच्याजवळ पास आहे त्याले कंडक्टर गाडीतून उतरवत नाही. मग ज्याच्याजवळ कार्ड आहे त्याले मत काऊन नाही? इवाई म्हणाले, "तिथले साहेब म्हणले, कार्ड असू द्या नायतर नसू द्या, यादीत नाव पाहिजे. चौकशीला आलो तर दरवेळी घराला कुलूप, म्हणून नाव कमी केलं." मग ताट बाजूले सारून म्हणाले, "इवाई, माझ्याच गावात मी नाय."

त्या दिवसापासून इवाई चौकात बसेनात. लोक पेपर वाचत, भांडत, हा पडंन तो निवडून येईन म्हणत, अन इवाई लोटा भरून मुकाट वापस येत. "ज्याला मत नाय त्यानं बोलू नाय," म्हणत. म्हशीशीही कमी बोलू लागले.

तेवढ्यात विधानसभा आली. आमच्या भागातल्या यादीचं काम अंगणवाडीच्या बाईकडे आहे. मी त्यायले घरी बोलावलं अन म्हटलं, "बाई, आमच्या इवायाचं नाव घालून द्या." बाई म्हणाल्या, "हाव काका, घालू ना. नाव दुसरीकडं कुठं असंन अन पत्ता बदलला असंन, तर फारम आठ. नाव कुठंच नसंन, तर फारम सहा. यायचं नाव कुठंच नाही, म्हणजे सहा. नवीन मतदार."

इवाई भडकले. "नवीन? माझी बत्तीशी पडली अन मी नवीन?"

मीही त्याहिची बाजू घेतली. "बाई, यायनं पहिले मत देलं हाय ना? मग आठच द्या. वडीलधाऱ्या माणसाले मोठा नंबर द्या."

"काका, त्याच्यात लहानमोठं नसते."

"मग नंबर कायले टाकले?"

बाईनं माह्याकडं पाह्यलं अन फारम सहा काढला. फोटो घेतला, आधार कार्ड पाह्यलं. मग म्हणाल्या, "आता या घरातल्या एखाद्या माणसाचं नाव सांगा, जो यादीत हाय. अन त्याचं यायच्याशी नातं."

"माहं लिहा," मी छाती पुढं करून म्हटलं. "नातं इवाई."

"इवाई राहू द्या काका. सूनबाईचं लिहू. नातं मुलगी. सरळ काम."

इवाई ताडकन उठले. "लेकीच्या सासऱ्याच्या घर नंबरात माझं नाव? अन तेबी लेकीच्या आधारानं? बाई, लिहू नका." दारापर्यंत गेले अन वळून विचारलं, "ज्याला घरच नाय, त्यानं काय करायचं असतंय?"

बाई भोळेपणानं बोलून गेल्या, "ज्याले घर नाही, त्याचा तो झोपते तिथला पत्ता. तो खरंच तिथं झोपते का, ते आम्ही येऊन पाहतो."

त्या संध्याकाळी इवायानं वळकटी काखेत मारली अन मारुतीच्या देवळाच्या ओसरीत पथारी टाकली.

सकाळी मी स्टँडवर गेलो तर आमचा टेलर, माहा लहानपणचा दोस्त, मशीन थांबवून म्हणते, "काऊन बे, इवायाले निकाल दिया म्हणते तू? इस उमर में?"

"म्या नाही काढलं. ते मतदानासाठी गेले."

"मतदान आज हाय?"

"नाही. पुढच्या महिन्यात."

"मग आतापासून रांगेत झोपले का बे?"

मी त्याले सहा अन आठ समजावून सांगू लागलो. अर्ध्यात माहाच गोंधळ झाला. टेलर म्हणे, "रहने दे भाई, तुले बोलता येत नाही अन खोटं तर त्याहून येत नाही. काय भांडण झालं ते सांग." दुपारलोक गावभर झालं की वडनेरात एका म्हाताऱ्यानं दुसऱ्या म्हाताऱ्याले घराबाहेर काढलं. मी देवळात गेलो. "इवाई, चाला घरी. माही इज्जत चालली."

"तुमची इज्जत तुमच्या घर नंबरात हाय," इवाई म्हणाले. "माझी कुठंच नाय. तिला इथं लिहून घेतो."

"म्हैस लाथा मारून राह्यली."

इवाई जरासे चुळबुळले. "डाव्या अंगानं बसायलात का?"

"उजव्या."

"डाव्या अंगानं बसा," म्हणाले अन तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीच्या बाई देवळात आल्या. म्हणाल्या, "आबा, नावं घ्यायची शेवटची तारीख जवळ आली. देवळाचा पत्ता मी टाकू शकत नाही. तुम्हाले घर हाय, घरी म्हैस हाय, नातू दोनदा तुमचा डबा घेऊन आला. हे खोटं होईन. घरचा पत्ता देता, का मत सोडता?"

इवायानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मले वाटलं, आता हा माणूस मत सोडते. त्याहिचं तोंडच तसं झालं होतं.

तेवढ्यात सूनबाई आली. माह्यासमोर ती कधी मोठ्यानं बोलत नाही. आमच्या घरात आल्यापासून बोलते तेही आमच्यासारखं, आमच्या वळणानं. त्या दिवशी ती ओसरीच्या पायरीवर बसली अन बापाच्या बोलीत बोलली.

"आबा, माझं नाव पयले कुठल्या यादीत होतं?"

"आपल्या गावात. अठराची झालीस तवा मीच घेऊन गेलतो तुला."

"मग आता कुठं गेलं?"

इवायानं टोपी पुन्हा काढली अन मांडीवर ठेवली.

"लग्न केलं, तिकडं कापलं, इकडं घातलं. सासऱ्याचा घर नंबर, नवऱ्याचं नाव. मी बी नवीनच झाले होते आबा. मला कुणी विचारलं का? तुम्हीच म्हणलात, बाई, आता तेच तुझं गाव." तिनं पदरानं नाक पुसलं. "माझं गाव हाय म्हणता, मग माझ्या गावात मत द्यायला तुम्हाला लाज कामून वाटती?"

बाईनं फारमाकडं पाह्यलं. मी मारुतीकडं पाह्यलं. आमच्या म्हातारीचं, म्हणजे माह्या बायकोचं, नावही कधी तिच्या माहेरच्या, जळगाव जामोदच्या यादीत असंन, ते कोणी कापलं असंन, हे माह्या मनात या आधी कधी आलंच नव्हतं. मी त्याचा विचार करू गेलो तर अजूनच गोंधळलो.

इवाई पथारी गुंडाळत म्हणाले, "लिहा बाई. नातं मुलगी." मग घसा साफ करून, "अन कार्डावर फोटो नवा टाका. जुन्यात मिशा काळ्या हायत. नवीन मतदाराला शोभायच्या नायत."

वळकटी मी उचलली. त्यायनं उचलू देली.

मतदानाच्या दिवशी आणखी घोळ झाला. शाळेत गेलो, यादीत आमचा घर नंबर सापडला. मी, म्हातारी, पोरगा, सूनबाई, सारे होतो; इवाई नव्हते. मी तिथंच आवाज चढवला. बाई धावत आल्या अन शेवटचं पान उघडून देलं. "काका, उशिरा आलेली नावं पुरवणीत असतात." पुरवणी म्हणजे गावातली सारी अठरा-एकोणीस वर्षांची पोरंपोरी, अन त्याहिच्या मधात माहा इवाई. तसेच उभेही राह्यले, त्या पोरायच्या घोळक्यात, टोपी सरळ करत. आत गेले ते लवकर बाहेर येईनात. साहेबानं विचारलं, "बाबा, झालं का?" आतून आवाज आला, "चिठ्ठी दिसली, खाली पडली. ती नीट बसली का, ते बघायलोय."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कोणाले देलं?" ते म्हणाले, "विचारू नाय." राजकारणात त्याहिचं अन माहं कधीच जमलं नाही, म्हणून एवढं मले पक्कं माहीत आहे की माहं मत त्यायनं कापलं. नावं एका घर नंबरात, अन मतं एकमेकायच्या उरावर. पण दुसऱ्या दिवशी चौकातून त्याहिचा भांडणाचा आवाज घरालोक आला, तवा सूनबाई भाकर थापता थापता थांबली अन ऐकत राह्यली.

त्यानंतर एकदा संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. इवाई म्हणाले, "बाईला विचारलं मी. माणूस गेला की सात नंबरचा फारम असतोय. नाव कमी करायचा. घरातल्या माणसानं भरायचा."

"मग?"

"तिकडं माझं नाव कुलुपानं कापलं. इकडं माणसानं कापावं. तुम्ही भराल ना, इवाई?"

मी म्हटलं, "मले ते फारम समजत नाहीत. सहा अन आठचंच डोक्यात बसलं नाही, त्यात हा सात कायले?"

"शिकून घ्या," ते म्हणाले.

अंगणवाडीच्या बाई रोज आमच्या दारावरून जातात. मी रामराम घालतो, लेकरायची चौकशी करतो, पाण्यापावसाचं विचारतो. ते सातचं मात्र मी अजून विचारलं नाही, अन त्याही कधी थांबून सांगत नाहीत.