शेंडा मोडायचा हक्क

“नो ब्रेक! हे आंटी, नो ब्रेक! यू ब्रेक, यू बाय!”

ही आरोळी उठली तेव्हा शेजारच्या मासळीच्या गाळ्यावर बर्फात निजलेला एक मासा दचकून उठून बसला. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पुलापलीकडे मलेशियातल्या जोहोरला ती ऐकू गेली की नाही ते ठाऊक नाही, पण त्या दिवशी पुलावरची वाहतूक खोळंबली होती एवढं खरं.

ओरडणारी बाई सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या वेट मार्केटातली, म्हणजे ओल्या फरशीच्या भाजी-मासळी बाजारातली, चिनी भाजीवाली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कमरेला पैशांची थैली, आणि अंगकाठी अशी की फुंकर मारली तर उडेल. आवाज मात्र बोटीच्या भोंग्याचा. जिच्यावर ती ओरडत होती त्या माझ्या सासूबाई. मुक्काम पोस्ट सांगली. सुती सहावारी, पायात मोजे, मोज्यांवर चपला, आणि हातात भेंडी.

“काय म्हणतेय ही?” सासूबाईंनी मला विचारलं, आणि विचारता विचारता आणखी एका भेंडीचा शेंडा मोडला. टच्.

“मोडू नका म्हणतेय, आई.”

“मग कोवळी कुठली नि जून कुठली, ते कळायचं कसं? पत्रिका बघून?” टच्.

“आंटी!” भाजीवाली किंचाळली.

“आंटी कुणाला म्हणतेस गं? आंटी तू!” सासूबाई म्हणाल्या. या देशात पोक्त बाईला आंटी म्हणणं हा मान असतो. पण दोघीही एकमेकींना असं आंटी म्हणत होत्या, की ऐकणाऱ्याला ती शिवीच वाटावी.

मी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती समोरच्या नारळाच्या गाळ्याशी उभी राहून एका नारळाकडे टक लावून पाहत होती. चेहरा असा, की ही आपली आई नव्हे, हा आपला नवरा नव्हे, आणि भेंडी नावाची भाजी आपण जन्मात पाहिलेली नाही.

शेवटी शेंडा मोडलेली सगळी भेंडी मला विकत घ्यावी लागली. वजन भरेना म्हणून भाजीवालीने रागारागाने शेंड्यांसकटची आणखी एक मूठ त्यात टाकली. पुढचे काही दिवस आमच्या घरी भेंडीची परतून भाजी झाली, भरली भेंडी झाली, दह्यातली झाली, आणि चहात पडली नाही ती केवळ माझ्या दक्षतेमुळे.

आता हे नुसतं भेंडीचं भांडण असतं तर मी ते केव्हाच विसरलो असतो. पण या भांडणावर आमच्या संसाराचा गाडा अडकला होता. बायको बँकेत, मी आयटीत. दोघंही घरी यायचो तेव्हा पोरगी पाळणाघरात शेवटची उरलेली असायची, आणि तिथली बाई आमच्याकडे पाहून घड्याळाकडे बघायची. सासरे गेल्यापासून सासूबाई सांगलीत एकट्याच राहत होत्या. फोनवर आम्ही काळजीच्या सुरात म्हणायचो, “आई, तुम्ही एकट्या कशा राहाल?” त्याचा खरा अर्थ, “आई, आम्ही तुमच्याशिवाय कसे राहू?” सासूबाईंना तो पक्का कळत होता. मुलीला त्यांनीच वाढवलं होतं.

विमानतळावर सामान घेतानाच त्यांनी अट घातली होती. “तीन महिने बघते. जिथं चार भाज्या आपल्या हातानं निवडून घेता येत नाहीत, तिथं माणूस राहत नसतो, त्याला ठेवलेलं असतं. जमलं तर राहीन. परतीचं तिकीट आहेच.”

आणि आता पहिल्याच शनिवारी भेंडीने दगा दिला होता.

“आईला मॉलमध्ये नेऊ या,” बायको म्हणाली. “तिथे कोणी ओरडत नाही.”

हे मात्र खरं. सिंगापुरातल्या मॉलमध्ये कोणी ओरडत नाही, कारण थंडीने जबडे गोठलेले असतात. बाहेर अंगाची भट्टी, आत हिमालय. लोक एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरतात ते थेट मॉलच्या तळघरात, तिथून भुयाराने दुसऱ्या मॉलच्या तळघरात, आणि असे कित्येकजण ऊन न बघताच म्हातारे होतात. आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाने तर ऑर्चर्ड रोडवरच्या मॉलांमध्ये एक अख्खा रविवार असा काढला. बाहेर आल्यावर त्यांच्या मुलाने सूर्याकडे बोट दाखवून विचारलं, “बाबा, हे कुठलं दुकान?”

सासूबाई शाल पांघरून सुपरमार्केटच्या दारात शिरल्या आणि थबकल्या. समोर पुठ्ठ्याचा पोलीस उभा होता. माणसाएवढा उंच, गणवेशातला, हाताची घडी घातलेला. दुकानात चोरी हा गुन्हा आहे, असं त्याच्या छातीवर लिहिलेलं. बऱ्याच दुकानांत तेव्हा असे उभे असत.

“जावईबापू,” सासूबाई हळूच म्हणाल्या, “या बिचाऱ्याला बसायला स्टूल तरी द्या म्हणावं.”

“आई, तो पुठ्ठ्याचा आहे.”

त्यांनी जवळ जाऊन खात्री करून घेतली. “म्हणजे पोलीस खोटा, आणि चोर मात्र आपण खरे?”

मग भेंडी. भेंडी पांढऱ्या तबकात, वर ताणून बसवलेला पातळ प्लास्टिकचा कागद, आत आठ-दहा भेंड्या अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसारख्या शेजारी शेजारी निजवलेल्या. भेटायला मनाई. सासूबाईंनी एक तबक उचलून उजेडात धरलं. उलटं केलं. कानाशी नेऊन हलवलं. मी बटाटे बघायला दोन पावलं सरकलो, तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. टच्. पण दबलेला, जसा शेजाऱ्याच्या घरातून यावा.

सासूबाईंनी प्लास्टिक न फाडता, वरूनच अंगठ्याने दाबून, आतल्या आत शेंडे मोडायला सुरुवात केली होती. एवढं कौशल्य मी शल्यविशारदातही पाहिलेलं नाही. तबकामागून तबक तपासून, नापास झालेलं त्या परत जागेवर ठेवत होत्या. कोणी ओरडलं नाही. गणवेशातली एक बाई आली, अदबीने हसली, आणि शेंडे मोडलेली सगळी तबकं एकावर एक रचून तिने माझ्या टोपलीत ठेवली.

“एवढी घेऊन एकही कोवळी नाही,” घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या. मग पलंगाखालची बॅग त्यांनी बाहेर ओढली आणि भिंतीशी उभी केली. बॅगच बोलत होती. ती रात्रभर भिंतीशी पुठ्ठ्याच्या पोलिसासारखी उभी राहिली, आणि आम्ही नवरा-बायको तिच्याकडे बघत पाळणाघराच्या फीचा हिशेब करत पडलो.

त्यात वुडलँड्समधल्या मराठी बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागा झाला. कोणीतरी लिहिलं, “काल मार्केटमध्ये भेंडी मोडणाऱ्या काकू कोणाच्या होत्या गं? किती एम्बॅरसिंग! आपल्या लोकांना कधी कळणार?” त्याखाली हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत आमच्या घरातूनही एक चेहरा गेला. वर दोन शब्दही होते, “हो ना!”

सासूबाई मात्र हरणाऱ्यांतल्या नव्हत्या. भाजीवालीने वजनापुरती टाकलेली ती शेंड्यांसकटची मूठ त्यांनी वेगळी ठेवली होती. त्यातली एक भेंडी विळीवर धरली तर विळीच पुढे सरकली. ती त्यांनी रुमालात बांधली, आणि सकाळी मी दाढी करत असताना दार वाजलं. मी अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून धावलो. लिफ्टपाशी गाठल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत विळीसुद्धा होती. ती काढून घेतली म्हणून मी आज हे लिहायला मोकळा आहे.

गाळ्यावर पोचताच त्यांनी रुमाल सोडला, भेंडी भाजीवालीच्या नाकासमोर धरली आणि शेंडा दाबला. शेंडा रबरासारखा वाकला.

“बघ! मोडतेय का? दोरखंड आहे दोरखंड! बैल बांध याला!”

भाजीवालीने तिच्या भाषेत उत्तर दिलं. एक अक्षर कळलं नाही, पण त्यात बैल नक्की होता. इकडून सांगली, तिकडून चीन. मध्ये मी दुभाषा म्हणून उभा, अर्धा गाल पांढरा. माझी कोणालाच गरज नव्हती.

मग भाजीवालीने ती भेंडी हिसकावून स्वतः शेंडा दाबला. वाकला. तिने भुवया चढवल्या. स्वतःच्या ढिगातली एक उचलली, दाबली. टच्. दुसरी उचलली. वाकली. तिसरी वाकली. ती ढिगाकडे तसं पाहू लागली, जसं आपण स्वतःच्या पोराच्या प्रगतिपुस्तकाकडे पाहतो. मग तिने मान वळवली, पुरवठादाराच्या नावाने असावं असं काहीतरी पुटपुटली, आणि बुटाच्या टोकाने प्लास्टिकचा एक रिकामा क्रेट उलटा करून सासूबाईंच्या पुढ्यात सरकवला.

“सिट.”

सासूबाई बसल्या. आणि मग त्या बाजारात जे सुरू झालं ते टच् टच् टच्, जणू कचेरीत टाइपरायटर चाललाय. कोवळी उजवीकडे, जून डावीकडे. भाषेचा प्रश्न नातीने आधीच मिटवला होता. ती आजीशी मराठीत बोलत नसे आणि आजी तिच्याशी इंग्रजीत, पण “आजी, कॅनॉट ला!” हे दिवसातून इतक्यांदा ऐकून सासूबाईंना ‘कॅन’ आणि ‘कॅनॉट’, म्हणजे इथलं ‘चालेल’ आणि ‘चालायचं नाही’, पाठ झाले होते. या देशात तेवढ्यावर माणूस मंत्री होऊ शकतो. कोवळी भेंडी वर धरून त्या म्हणत, “कॅन.” जून धरून म्हणत, “कॅनॉट.” भाजीवाली मान डोलवी.

आठवड्याभरात बिनशेंड्याच्या भेंडीचा वेगळा ढीग लागला, आणि भाजीवालीने त्याचा भाव गुपचूप चढवला. जे मोडलं म्हणून मला दंड झाला होता, तेच मोडलेलं आता महाग. आधी तमिळ बायका आल्या. चार बायका उभ्या दिसल्यावर मागे चिनी म्हातारे उभे राहिले, कारण रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि कशाची ते पुढे गेल्यावर विचारायचं, हा इथला कुळाचार. रांग मासळी ओलांडून, नारळ ओलांडून, बसथांब्यापर्यंत गेली. एक म्हातारा तर भेंडी घेऊन परत रांगेत लागला, पुढे आणखी काही मिळत असेल म्हणून. सासूबाईंची बिदागी म्हणजे मूठभर मिरच्या, कढीपत्ता आणि आल्याचं बोटूक. वर फुकट मिळालेल्या कढीपत्त्याचा वास घेताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की जणू सांगलीच इकडे चालत आली आहे.

मग एका शनिवारी ग्रुप आला. काळे चष्मे लावून, कापडी पिशव्या घेऊन, रांगेत.

“काकू,” त्यातली एक लाडात येऊन म्हणाली, “आमच्यासाठी थोडी कोवळी बाजूला ठेवाल का? इश्श, पण तुम्ही कोणाच्या हो काकू?”

सासूबाईंनी मोडलेल्या शेंड्याने समोर दाखवलं. “ती बघा. नारळ बघतेय ना, तिची.”

त्या दिवशी माझ्या बायकोने लागेल त्यापेक्षा बरेच जास्त नारळ घेतले.

तीन महिने भरायच्या आत बॅग पुन्हा पलंगाखाली गेली. मी वाकून पाहिलं तर तिच्यात कांदे भरले होते. परतीच्या तिकिटाचं काय करायचं हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पाळणाघरातल्या बाईने आम्हाला पुन्हा कधी घड्याळ दाखवलं नाही.

पुढे एकदा सासूबाईंचा गुडघा दुखत होता म्हणून भेंडी आणायला मी एकटा गेलो. आता मी काही ऐरागैरा नव्हतो. ऑफिसात माझ्या होकाराशिवाय एक ओळ पुढे सरकत नाही, आणि बाजारात तर मी साक्षात भेंडी आंटीचा जावई. मोठ्या थाटात ढिगातली एक उचलली, चारचौघांना दिसेल अशी वर धरली आणि शेंडा मोडला. टच्.

भाजीवालीने वर पाहिलं.

“माय मदर-इन-लॉ,” मी छाती काढून म्हणालो. “लेडीफिंगर आंटी.”

“आय नो,” ती म्हणाली. माझ्या हातातली भेंडी काढून घेऊन तिने माझ्याच पिशवीत टाकली. “आंटी कॅन. यू कॅनॉट.”