वर्षाच्या आतला सिनेमा

एका मंगळवारी सकाळी, इथे परदेशात, नोव्हेना भागातल्या रुग्णालयात माझा नवरा वारला.

तेराव्यानंतर पुण्याहून आलेल्या माझ्या थोरल्या नणंदेने, मी विचारलं नसताना, सांगितलं, "आता वर्षभर सणवार नाही, गोडधोड नाही, सिनेमा-नाटक नाही." सण मी सोडले. सिनेमा सोडायचा नाही हे मनाशी ठरवलं, बोलले मात्र नाही.

आम्हा दोघांना मल्याळम येत नव्हतं. सेरंगूनला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये केरळची एक नर्स राहते. आम्ही तिला चेची म्हणायचो, म्हणजे त्यांच्या भाषेत ताई. तिने एकदा आम्हाला मल्याळम सिनेमाला नेलं आणि मग सवयच लागली. खालच्या इंग्रजी ओळी वाचत पाहायचो. त्या सिनेमांत माणसं भांडी घासत, बसची वाट पाहत, आणि कॅमेरा त्यांच्यामागे घाई लावत नसे. नवरा म्हणायचा, "इथे हिरोचंही पोट सुटलंय. म्हणजे मला आशा आहे."

महिनाभराने चेचीने दार वाजवलं. "येतेस?" एवढंच. मी चपला घातल्या.

पडद्यावरच्या बाईचा नवरा वारलेला. पाहुणे गेल्यावर ती स्वतःपुरता मासा तळते, ताट वाढून घेते आणि सावकाश, काटे काढत जेवते. मागे संगीत नाही. मी रडले, आणि मला भूकही लागली.

बाहेर चेचीच्या ओळखीचा एक गृहस्थ तावातावाने बोलत होता. माझ्याकडे पाहून तो हिंदीवर आला. "नवरा वारल्यावर आमच्याकडच्या बायका असं मासे तळून खात नाहीत!"

"आईला विचारलंस?" चेची म्हणाली.

"आई काय सांगणार?"

"तेच तर. आता फोन कर आणि विचार."

आजूबाजूचे हसले. तो हसला नाही.

परतताना चेचीने तिच्या घरचं सांगितलं. तिचे वडील कधी स्वतःचं ताट उचलत नसत. असाच एक सिनेमा पाहून आल्यावर धाकट्या बहिणीने ते तसंच टेबलावर राहू दिलं. घरात भांडण झालं, आई बहिणीलाच ओरडली. पण पुढे वडील ताट उचलू लागले. "सिनेमाला शिव्या देत देत उचलतात," ती म्हणाली.

आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी मला थिएटरात पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी नणंदेचा फोन आला.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"ताई, मी लोकांना थिएटरात दिसले, म्हणजे लोकही तिथेच होते."

"त्यांच्या घरी कुणी गेलेलं नाही."

"माझ्या घरी गेलंय. म्हणून मीच ठरवणार."

"त्याला काय वाटलं असतं, याचा तरी विचार कर."

"त्याने विचारलं असतं, सिनेमा कसा होता?"

त्यांनी फोन ठेवला. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. ताई माझ्याशी मोजकंच बोलतात. मी मल्याळम सिनेमे पाहते; चेचीला पाळ्यांमुळे जमत नाही, म्हणून बहुतेक वेळा एकटीच.