विमलाची भाऊबीज

विमला परबला सख्खा, चुलत, कसलाच भाऊ नव्हता. भाऊबीजेला शेजारणींच्या घरी पाट मांडलेले असायचे आणि ही आपली विक्रोळीतल्या चाळीच्या गॅलरीत, कोवळ्या चंद्रकोरीला ओवाळत उभी. तुझा भाऊ मोठा चिक्कू, कधी ओवाळणी टाकत नाही, अशी नवरा दशरथ तिची थट्टा करायचा.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात सरकारची नवी कोरी इमारत कोसळली. तिथे रखवालीला असलेला दशरथ गेला, रंगकामाला गेलेला समोरच्या रुक्मिणीचा मुलगा अनंतही गेला. सिमेंटचे पैसे मंत्र्याने खाल्ले, असं पेपर रोज छापू लागले. राजीनामा मागितला जाऊ लागला, तेव्हा मंत्र्याचा कार्यकर्ता नंदकिशोर विमलाकडे आला. साहेबांना बहीण नाही म्हणे, यंदा भाऊबीजेला तुमच्याकडे येतील. बहीण नाही कशी? चांगल्या तीन होत्या. पण त्यांच्या घरचं कुणी त्या भिंतीखाली मेलं नव्हतं.

साहेब आले, पाटावर बसले. फोटोत तबक नीट आलं नाही म्हणून विमलाला पुन्हा ओवाळायला लावलं. साहेबांचे डोळे दोन्ही वेळा भरून आले. तिचेही आले, तिचे खरे होते. "ताई, आता दरवर्षी येणार," असं म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तोच फोटो. राजीनाम्याची बातमी हळूहळू आतल्या पानावर सरकली आणि मग दिसेनाशीच झाली.

रुक्मिणी दारात येऊन उभी राहिली. "कोणाक ओवाळलंस गो? ज्येच्या भिंतीखाली माझो झील मेलो, तेका?"

"माझ्या दारात भाव म्हणान कधी कोण इलोच नव्हतो गो," विमला म्हणाली.

रुक्मिणी त्यानंतर तिच्याशी कधी बोलली नाही. मग चाळही बोलेनाशी झाली. विमला नळावर गेली की गप्पा थांबायच्या. साहेब तेवढे आपले, असं ती वर्षभर मनाला समजावत राहिली.

पुढच्या भाऊबीजेला तिने सकाळीच पाट मांडला, साहेबांनी दिलेली साडी नेसली. प्रकरण मिटलं होतं, साहेबांना आणखी मोठं खातं मिळालं होतं. गाडी वाजली की ती जिन्यापर्यंत धावायची. दिवेलागणीला गॅलरीतून कोर दिसली. पण भाऊ नसल्यासारखं चंद्राला ओवाळलं तर साहेबांचा मान राहायचा नाही, म्हणून ती आत येऊन बसली.

बीजेची कोर फार वेळ थांबत नाही. विमला पुन्हा बाहेर आली तेव्हा ती कारखान्याच्या शेडमागे बुडाली होती. समोर रुक्मिणीचं दार बंद होतं. तबकातलं निरांजन अजून जळत होतं आणि ओवाळायला तिला आता चंद्रही उरला नव्हता.