उसात शिरलेली स्कूटी

कडेगावच्या बाजारतळावर मयूरी बायकांना स्कूटी शिकवायची. आठवडी बाजाराचा दिवस सोडला तर ते मैदान रिकामंच असायचं. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला उभा ऊस. मयूरीचं माहेर कराडचं, नवरा शिवतेज फौजेत, आसामच्या बाजूला. एका सुट्टीत त्यानेच तिला या तळावर गाडी शिकवली. तिची गाडी गावातून सुसाट जायला लागली तशा गल्लीतल्या दोघी-तिघी मागे लागल्या, "आमालाबी शिकीव की गं." त्यातून क्लास निघाला.

सुरुवातीला एकीनं दुसरीला सांगायचं, दुसरीनं जावेला, असं आपोआप चालायचं. मग कराडच्या एका मोठ्या ड्रायव्हिंग स्कूलने इथे शाखा काढली, स्टँडसमोर फ्लेक्स लावला, आणि मोबाईल उघडला की त्यांचीच जाहिरात दिसायला लागली. मयूरीकडच्या बायका आटत गेल्या. शिवतेज फोनवर म्हणाला, "आता सगळं सोशल मीडियावर चालतंय. तू पण पेज काढ."

तिने पेज काढलं आणि तिथून तिच्या डोक्याचा भुगा व्हायला लागला.

रोज दुपारी ती सासूच्या हातात मोबाईल द्यायची आणि गाडीजवळ उभी राहून ब्रेक कसा दाबायचा, वळताना नजर कुठे ठेवायची ते समजावून सांगायची. सासूबाईंचा, म्हणजे लीलाबाईंचा, अंगठा निम्म्या चौकटीत यायचा. मधेच त्या म्हणायच्या, "झालं का? दूध वर येईल माझं." ते सगळं त्यात यायचं. हे व्हिडिओ बघायची कोण, तर शिवतेजच्या युनिटातली पोरं. खाली ओळीने 'जय हिंद वहिनी', 'नाईस वहिनी'. कुणीतरी परप्रांतातला 'हाय डियर' लिहून जायचा. नांदेडचा एक माणूस फी विचारायचा. ती सविस्तर उत्तर लिहायची, तो 'ओके' म्हणायचा आणि चार दिवसांनी परत तेच विचारायचा. नांदेडचा माणूस कडेगावला स्कूटी शिकायला येणार होता की काय, देव जाणे. गावातली एक बाई त्या पेजवरून आली असेल तर शपथ!

शेवटी ती ऋषिराजकडे गेली. शिवतेजच्या मावसभावाचा हा मित्र. कराडला मोबाईलच्या दुकानावर एक खोली घेऊन तो लोकांची पेजं सांभाळायचा. दातांच्या डॉक्टरचं, एका खानावळीचं, निवडणुकीला उभं राहायचं मनात असलेल्या एका पुढाऱ्याचं. त्याने मयूरीचे व्हिडिओ भराभर सरकवले.

"वहिनी, ब्रेकचं लेक्चर कोण ऐकणार? लोकांना शिकायचं नसतं, बघायचं असतं."

"पण मला शिकणाऱ्या बायका पाहिजेत, बघणारे नकोत."

"बघणारे आले की त्यातनंच शिकणारे निघतात. माझ्यावर सोडा तुम्ही."

तिने सोडलं. पासवर्डही दिला. रविवारी येऊन शूटिंग करतो म्हणाला.

त्या वेळी तिच्याकडे सुलाबाई शिकत होत्या. पन्नाशी उलटलेल्या. मळ्याकडच्या अंगणवाडीत मदतनीस. रोज घरापासून तिथपर्यंत पायी जायच्या, कधी मुलाला सवड असली तर तो सोडायचा. मुलगा भाऊसो साखर कारखान्यात होता. त्याची जुनी स्कूटी दारात धूळ खात पडली होती आणि सुलाबाईंच्या मनाने घेतलं होतं की ही आपण चालवायची. मनाने घेतलं तरी पाय ऐकत नव्हते. गाडी सुरू झाली की दोन्ही पाय जमिनीवरून फरफटत यायचे. चपलेचा अंगठा दोनदा तुटला. मयूरी मागे धावत ओरडायची, "पाय वर घ्या मावशी, वर!" आणि त्या ओरडायच्या, "घेते की गं, पन त्ये येत न्हाईत!"

त्या रविवारी मात्र पाय वर आले. कसे कुणास ठाऊक, सुलाबाईंनी दोन्ही पाय उचलून पुढे ठेवले आणि गाडी सरळ निघाली. भिंतीपर्यंत गेली, वळली, लिंबाच्या झाडाला वळसा घालून परत आली. एक अख्खी फेरी. कडेला उभ्या असलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनीच घात केला. सुलाबाईंनी हसून इकडे पाहिलं, ब्रेकऐवजी मूठ पिळली आणि गाडी सरळ उसात. वर नुसते हलणारे शेंडे दिसत होते आणि आतून आवाज, "मयूरे, हिला थांबीव गं!"

मयूरी उसाकडे धावत सुटली. पण सुलाबाई पाचट झटकत बाहेर आल्या. खरचटलंसुद्धा नव्हतं. "गाडीला भूक लागली हुती," म्हणाल्या. सगळ्या पोट धरून हसल्या, त्यासुद्धा. ऋषिराज कडेला मोबाईल धरून उभा होता, पण त्या वेळी त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी व्हिडिओ आला. त्यात फेरी नव्हती. टाळ्या नव्हत्या. फक्त उसात घुसणारी गाडी, तीच तीच चार वेळा, पाठीमागे खिदळण्याचा आवाज, सुलाबाईंचा चेहरा मोठा करून त्यावर थरथरणारी अक्षरं, 'आजी निघाली कारखान्याला'. आणि खाली क्लासचं नाव, मयूरीचा नंबर.

खोटं कशाला बोलायचं, पहिल्या तासाभरात मयूरीला आनंदच झाला. आकडा नुसता पळत होता. शिवतेजचा फोन आला, "अगं, आमच्या पंजाबी सुभेदारांनी मला तुझा व्हिडिओ दाखवला!" लीलाबाईंनी मात्र बघून चष्मा काढून ठेवला. "सुलीला ईचारलं हुतंस का?" मयूरीने विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तळावर कुणी आलं नाही. तिला वाटलं, कुणाकडे काही कार्य असेल. तिसऱ्या दिवशीही नाही. मग तिने एकेकीला फोन लावले. एकीची कंबर दुखत होती, एकीच्या घरी पाहुणे होते. शेवटी जी स्पष्ट बोलणारी होती ती म्हणाली, "मॅडम, आमी पडलो तर आमचाबी काढशीला. आमच्या मालकांनी बघितला तर घराभाईर पाऊल टाकू द्यायचे न्हाईत."

फोन मात्र दिवसभर वाजत होता. 'आजीला द्या की', 'आजी पुढच्या वेळी कुठल्या शेतात जाणार', 'भाग दोन कधी?' अख्ख्या जिल्ह्याला तिचा क्लास माहीत झाला होता आणि क्लासमध्ये चिटपाखरू नव्हतं.

भाऊसो आला तो गाडीवरून न उतरताच बोलला. "ताई, कारखान्यात माजी मान वर व्हईना. ज्यो त्यो मोबाईल दाखवतोय. आईला हसू करून ठेवलंसा तुमी." तिने तोंड उघडायच्या आत तो निघून गेला होता.

तिने ऋषिराजला फोन केला. "आत्ताच्या आत्ता काढून टाक तो."

"वहिनी, डोकं फिरलंय का? असा रीच, एवढे बघणारे परत मिळायचे नाहीत. लोक पैसे ओतून थकतात!"

"तुझा रीच घाल चुलीत!"

तिने स्वतःच तो काढला. पण तोवर दहा भलत्याच पेजांनी तो उचलला होता. एकाने त्यावर हिंदी गाणं चढवलं होतं, एकाने सुलाबाईंना बिहारच्या ठरवलं होतं. मयूरी दुपारभर बसून एकेका पेजवर तक्रार करायची. कंपनीकडून शुद्ध मराठीत उत्तर यायचं, 'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. सदर व्हिडिओ आमच्या नियमांचे उल्लंघन करत नाही.' भांडायचं म्हटलं तर समोर माणूस नाही. एकदा तिने मोबाईल गादीवर आपटला, आणि फुटला तर नाही ना म्हणून लगेच उचलूनही पाहिला. त्याचाच तिला जास्त राग आला.

मग ती सुलाबाईंच्या घरी गेली. त्या ओसरीवर हरभरा निवडत होत्या. बस म्हणाल्या, पाणी दिलं. चिडलेल्या दिसत नव्हत्या, त्यामुळे मयूरीला आणखीच अवघड झालं.

"मावशी, माझं चुकलं. मी आधी बघायला पाहिजे होतं."

"उसात गेले त्येचं काय न्हाई गं," सुलाबाई सूप बाजूला ठेवत म्हणाल्या. "गेले म्हून गेले. आंगनवाडीतली पोरंबी हसली, मीबी हसले. पन त्येच्या आदी मी फेरी मारली हुती न्हवं? अख्खी? ती कुटं हाय?"

मयूरीने तिथूनच ऋषिराजला फोन लावला.

तिने ऋषिराजच्या मागे लागून मूळ चित्रण मिळवलं. त्यात फेरी होती. थोडी हललेली, पण होती. ती तिने जशीच्या तशी पेजवर टाकली. वाट बघत बसली. तीच बाई, तीच गाडी, तोच तळ, पण ढुंकून कुणी पाहिलं नाही. खाली एकाने लिहिलं, 'यात मजा नाही'. मयूरीने पेज बंद केलं आणि ती फेरी फक्त भाऊसोच्या मोबाईलवर पाठवली. निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

महिना असाच गेला. क्लास बंदच करावा असं तिच्या मनात घोळायला लागलं. पण एके दिवशी वैतागाच्या भरात तिने बचत गटाच्या आणि शाळेतल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. फोटो नाही, गाणं नाही. 'स्कूटी क्लास सुरू आहे. मोबाईल आल्या आल्या माझ्या पिशवीत ठेवावा लागेल. इथे कुणाचाही व्हिडिओ निघणार नाही. मागे निघाला ती माझी चूक होती. पडलात तर फक्त मीच बघणार.'

ग्रुपवर कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही. पण संध्याकाळी एक फोन आला. शिवांजली म्हणून एक नवी सून, शाळेवर शिक्षिका. "खरंच मोबाईल काढून घेता ना?" एवढंच तिने विचारलं. ती आली, तिच्यासोबत आणखी एक आली. मग जुन्यांपैकी कंबर दुखणारी आली. तिची कंबर बरी झाली होती. कराडवाल्यांच्या शाखेसमोर अजून गर्दी असायची, मयूरीकडे चार-पाच जणी. पण क्लास चालू राहिला.

सुलाबाई मात्र परत आल्या नाहीत. दिवाळी झाल्यावर त्यांची सून तळावर आली. हातात त्याच जुन्या स्कूटीची किल्ली.

"आत्यांनी पाठवलंय," ती म्हणाली. "ह्यांनी किल्ली दिली."

"आणि त्या? त्यांना सांग ना, मी एकटीला शिकवते, लवकर सकाळी, तळावर कुणी नसताना."

"सांगितलं मी. म्हणाल्या, तू शिक, मी मागं बसते."

सून महिन्याभरात शिकली. आता सकाळी सुलाबाई तिच्या मागे एका अंगाने बसून अंगणवाडीला जातात, पदर दातात धरून. मयूरी वाटेत दिसली की हात करतात. ती दर वेळी ओरडते, "मावशी, कधी येताय?" त्या म्हणतात, "यीन की," आणि सुनेला पुढे चल म्हणून खांद्यावर थोपटतात.