साडूंचं पोर्तुगीज नाणं

माझे साडू इथेच, शहराच्या टोकाला पुंगोलला राहतात. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि दर वर्षी त्यांना नवा छंद जडतो. आधी सायकल, मग घरी पाव भाजणं, आणि गेल्या वर्षी जुनी नाणी. जुन्या पोर्तुगालचं एक नाणं त्यांनी विकत घेतलं आणि ते बघायला आम्हाला जेवायला बोलावलं.

नाणं काळपट होतं, कडेला झिजलेलं. इतिहास मात्र साडूंनी श्रीखंडाबरोबर सढळ हातानं वाढला. सहाशे वर्षांपूर्वी तिथला राजा वारला. मुलगा नाही, एकुलती मुलगी शेजारच्या राजाला दिलेली, म्हणजे राज्य जावयाच्या घशात. तेव्हा मेलेल्या राजाचा अनौरस भाऊ लढायला उभा राहिला आणि गादीवर बसला. हे त्याचं चांदीचं नाणं. जावयाला काही मिळालं नाही, हा भाग पुण्याहून आलेल्या आमच्या सासऱ्यांना फार आवडला.

पुढच्या आठवड्यात साडूंनी नाणं तपासून घेतलं. चांदी नावापुरती, बाकी तांबं. ते तडक दुकानात निघाले, साक्षीदार म्हणून मला घेऊन. दुकानदार म्हातारा चिनी गृहस्थ. त्यानं शांतपणे सांगितलं की नव्या राजाकडे लढाईला पैसा नव्हता, म्हणून तो चांदीत तांबं मिसळत गेला. नाणं हिणकस आहे, म्हणूनच अस्सल आहे.

साडूंना ते पटेना. हिणकस वस्तू काचेच्या कपाटात ठेवायची कशी? शेवटी दुकानदारानं त्याच राजाच्या नाण्याची चकचकीत प्रतिकृती काढली. शुद्ध चांदीची, पण अलीकडे पाडलेली, असं त्यानं दोनदा बजावलं. साडूंना ‘शुद्ध चांदी’ एवढंच ऐकू आलं. काळं नाणं परत देऊन, वर पैसे भरून ते विजयी चेहऱ्यानं बाहेर पडले.

दिवाळीला ते चकचकीत नाणं साडूंच्या घरी मखमलीवर मांडलेलं होतं.

“सहाशे वर्षांत एक डाग नाही,” साडू पाहुण्यांना म्हणाले. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी चकली खात गप्प बसलो.

गप्प बसलो तो काही सभ्यपणामुळे नाही. ते काळं नाणं मी लगेचच्या सोमवारीच, हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून लंचच्या वेळात सटकून, त्याच दुकानातून भाव पाडून आणलं होतं. दिवाळीच्या त्या रात्री घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. अस्सल कोणतं, नकली कोणतं, हेही. तिनं भांडी पुसता पुसता ऐकून घेतलं.

“भावजींचं निदान चमकतं तरी,” ती म्हणाली.

सध्या ते माझ्या मोज्यांच्या खणात असतं.