दहा पेट्यांची सरासरी

डिसेंबर १९५६ मधला पहिला रविवार. पैज सव्वा रुपयाची. हजर माणसे तीन: मी, मोहळ्या आणि अहेरीहून टपालाचा थैला घेऊन आलेला हरकारा. हरकारा साक्षीदार म्हणून बसला आणि पैज ठरेपर्यंत दोनदा झोपला. पैज अशी होती, की मधमाश्यांच्या चार पेट्या आठ पेट्यांपेक्षा जास्त मध देतील. चार म्हणणारा मोहळ्या. आठ म्हणणारा मी. मी शाळामास्तर, त्यामुळे आठ हे चाराच्या दुप्पट असतात एवढे मला पक्के माहीत होते.

मोहळ्या हे त्याचे खरे नाव नव्हे. हजेरीपटावर तो बापू होता, पण त्या नावाने हाक मारली तर तो मागे वळून कोणाला बोलावले ते पाही. त्याची खरी ओळख म्हणजे टकटक. पेटीचे झाकण उघडायच्या आधी तो बोटाच्या पेराने फळीवर दोनदा टकटक करी, कान लावी आणि विचारी, "हाये का कोनी घरी?" आतून एकच 'हुस्स' येऊन लगेच थांबले, की घरात राणी आहे, सगळे ठीक. आवाज रडल्यासारखा लांबत राहिला, की राणी गेली. ही तपासणी तो माणसांचीही करी. आमच्या दारावर टकटक करून माझ्या आईच्या आवाजावरून तो चहा मिळेल की नाही ते ठरवी. "आज राणी कावली हाये, गुरुजी," असे म्हणून अंगणातूनच परत फिरे. आई हे ऐकत असे. तिला ऐकू जावे इतपत मोठ्यानेच तो म्हणत असे.

आमचे गाव अहेरीपासून आठ मैल आत. जिल्हा तेव्हा चांदा. ग्रामोद्योगाच्या एका योजनेत गावाला सातेरी माश्यांच्या दहा पेट्या मिळाल्या होत्या. त्या शाळेमागच्या जांभळांखाली, पाण्याच्या वाट्यांत पाय बुडवून उभ्या होत्या, म्हणजे मुंग्या चढू नयेत. वही माझ्याकडे, कारण मला लिहिता येत होते. माश्या मोहळ्याकडे, कारण त्याला माश्या येत होत्या. त्याबद्दल त्याला महिना पंधरा रुपये मिळत. त्याआधी तो जंगलात आग्या मोहोळ उतरवायचा. एकदा येनाच्या झाडावरून पडला आणि डावा पाय वाकडा झाला. झाडावर चढणे संपले, बांबूच्या कटाईवर त्याला कोणी घेईना. म्हणून हे पंधरा रुपये त्याला फार मोलाचे होते. योजनेची अट एकच: जानेवारीच्या तपासणीत दहापैकी निदान आठ पेट्या जिवंत दिसल्या पाहिजेत, नाहीतर सेवकाची, म्हणजे मोहळ्याची, जागा बंद.

पेट्यांच्या तळाशी मेणाच्या भुग्यात डाळीएवढे काळे भुंगेरे असत. पोळ्यात मेणकिडा जाळी विणी. मला त्यांचा फार राग. मोहळ्याला अजिबात नाही. तो म्हणे, "भुंगेरा सरकारी मानूस हाये, गुरुजी. चांगल्या घरी येत नाई. घर पडाले लागलं का येते, कोपऱ्यात बसून खाते, अन् लोकं म्हनतेत त्यानंच पाडलं." त्याचा इलाज साधा होता. तळ खरवडायचा, भुगा जाळायचा, माश्या जेवढी पोळी अंगाने झाकतील तेवढीच आत ठेवायची आणि दाराला चिखल लावून ते दोन माश्यांपुरते करायचे. "आपल्या अंगापेक्षा घर मोठं असू नाई," हे तो माश्यांबद्दल म्हणे, आणि सावकाराच्या माडीकडे पाहूनही म्हणे.

दिवाळीनंतर तो धान कापायला तीन आठवडे त्याच्या गावी गेला. जाताना एवढेच म्हणाला, "दुरून पाहा. हात लावू नका." मी हात लावला. वहीत मला एक अन्याय दिसला होता. दहा पेट्यांत मिळून चाळीस पोळी होती, पण दोन पेट्यांत सात-सात, दोनांत चार-चार आणि उरलेल्या सहांत तीन-तीनच. भुंगेरे त्या तीनवाल्यांत. मी सरासरी काढली. चार आली, पूर्णांकात, बाकी शून्य. इतका सुंदर भागाकार मी पुष्कळ दिवसांत केला नव्हता. तोंडाला उपरणे गुंडाळून मी दोन दुपारी खपलो आणि प्रत्येक पेटीत चार-चार पोळी करून ठेवली. सोळा डंख बसले. तेही वहीत आहेत.

मोहळ्या परत आला तोवर दोन पेट्यांतल्या माश्या घर सोडून उडून गेल्या होत्या. त्याने उरलेल्या आठांवर टकटक केली. कुठूनही धड 'हुस्स' आले नाही. मग एक झाकण उघडले. माझ्या न्यायाने मिळालेले चौथे पोळे उघडे पडले होते, त्यावर एक माशी नव्हती, जाळीच जाळी, आणि खाली भुंगेऱ्यांची जत्रा. त्याने झाकण परत ठेवले.

"हे काऊन केलं, गुरुजी?"

मी भागाकार समजावून सांगितला. त्याने मन लावून ऐकला.

"पोळी वाटली," तो म्हणाला. "अन् माश्या कोन वाटन?"

दोन भरली घरे मी मोडली होती आणि सहा दुबळ्यांच्या गळ्यात त्यांना न झेपणारे घर बांधले होते. आता त्याचा एकच उपाय होता: दोन-दोन पेट्या जोडून चार करायच्या. मी म्हणालो, "तपासणी होऊ दे. जानेवारीत आठ दाखवू, मग जोडू. तुझी जागा राहील."

"जानेवारीले तुमाले आठ नाई दिसत. भुंगेरे दिसतीन. मोजा मंग, लय असतीन."

"पण चार झाल्या तर जागा जाईल."

"जाईन," तो म्हणाला, आणि चिलीम झटकली. मग ती पुन्हा भरताना, "तुमी वहीत आठ लिवा ना. माश्या काई वाचाले येत नाई."

"मी वाचतो ना."

"मंग डोये मिटून लिवा."

मी नाही म्हणालो. चार असतील तर चारच लिहीन. तो रागावला नाही, फक्त म्हणाला, "तुमी लय खरे मानूस. तुमच्यापरीस भुंगेरा परवडला, तो निदान खाऊन त जाते." मला ते लागले, आणि काहीतरी बोलायचे म्हणून मी हिशोब मांडला: आठ पेट्या, दीड शेराप्रमाणे बारा शेर मध झाला असता, चारांत सहाच होईल. "चारांत बाराच्या वर होते," मोहळ्या म्हणाला. तीच ती सव्वा रुपयाची पैज.

जोडायला वर्तमानपत्र लागते. दोन पेट्या एकावर एक ठेवून मध्ये कागद घालायचा, त्याला सुईने भोके पाडायची. माश्या तो कुरतडेपर्यंत दोघींचा वास एक होतो आणि मारामारी होत नाही. माझ्याकडे अंक तारखेप्रमाणे लावून ठेवलेले असत. मोहळ्याने गठ्ठ्यातून नेमका नोव्हेंबरातला नवी राज्ये झाल्याचा अंक ओढला, कारण त्याची पाने सर्वांत कोरी होती. मी सांगितले, यात आपला जिल्हा जुन्या राज्यातून काढून मुंबई राज्याला जोडल्याची बातमी आहे, हा अंक नको.

"जोडलं?" त्याने विचारले. "मधात कागद ठेवला होता का?"

"कागद पुष्कळ होते."

"भोकं पाडली होती?"

"ते काही बातमीत नाही."

"मंग भांडतीन," असे म्हणून त्याने पान फाडले.

प्रत्येक जोडीतली एक राणी काढावी लागते. "दोन रान्या एका घरी कशा नांदतेत, ते तुमाले काय सांगू," असे तो आमच्या ओसरीकडे पाहून म्हणाला, जिथे माझी आई आणि बायको वेगवेगळ्या सुपांत एकच तांदूळ निवडत होत्या. पण मग त्याने राणी चिमटीत धरली. "तिकडं पाहा, गुरुजी," एवढेच म्हणाला. त्या संध्याकाळी मी चार वेळा तिकडे पाहिले.

जानेवारीत साहेब आले. त्यांनी विचारले, "दहा दिल्या होत्या. चार?"

"पेट्या दहाच हायेत, साहेब," मोहळ्या म्हणाला. "सहा रिकाम्या हायेत. तुमी भुंगेऱ्याईची योजना काढली त तयार हायेत."

साहेब हसले नाहीत. मोहळ्याने त्यांना टकटक करायला लावली. आतून असे 'हुस्स' आले, की साहेब दोन पावले मागे सरले. मग त्यांनी माझी वही मागितली. मी जिवंत पेट्यांच्या रकान्यात चार लिहिले होते आणि कारणाच्या रकान्यात लिहिले होते: 'सेवक रजेवर असता मी पोळ्यांची चुकीची वाटणी केली. सेवकाचा दोष नाही.' साहेबांनी पहिला रकाना वाचला. दुसऱ्यापर्यंत ते गेले नाहीत. मी तोंडाने सांगू लागलो, तेव्हा त्यांनी वही मिटली होती. फेब्रुवारीपासून जागा बंद झाली. पेट्या पाहणे माझ्याकडे आले, बिनपगारी.

मोहळ्या गावी गेला. जाताना त्याने मला टकटक करायला शिकवली. माझे पेर बरोबर वाजेना, तर म्हणाला, "मारकुट्या मास्तरावानी नका वाजवू. पाव्हन्यावानी वाजवा." मी रोज सकाळी शाळेआधी चारही दारांवर पाहुण्यासारखा उभा राहू लागलो. सरासरी काढली नाही.

मे महिन्यात मध काढला. दुकानदाराच्या तराजूवर दोनदा तोलला. सव्वातेरा शेर.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी अहेरीला गेलो. मोहळ्या बायकोशेजारी बांबूच्या टोपल्या विकायला बसला होता, वाकडा पाय पुढे पसरून. मी दिसताच त्याने एका टोपलीच्या बुडावर टकटक केली.

"हाये का कोनी घरी?"

"सव्वातेरा," मी म्हणालो.

"मी बाराच्या वर म्हनलं होतं. बरोबर निघालं."

"माझं चुकलं. पोळी वाटली तेव्हा पण."

"ते मले मालूम हाये. सायबाले सांगून राह्यले होते तुमी, मी आयकलं." तो टोपल्या सारख्या करीत म्हणाला, "माश्या काय म्हनतेत?"

"हुस्स."

"मंग झालं."

मी पैसे पुढे केले. त्याने ते दोनदा उलटून पाहिले. "मोजून घेतो, गुरुजी. तुमी सरासरी काढली असंन त." मग न मोजताच बायकोच्या हातावर ठेवले. तिने एक रुपयाची नोट पदरात बांधली आणि नवी पंचवीस पैशांची पावली परत केली; ती अजून बाजारात कोणी घेत नव्हते. मी खिशातून जुनी पावली काढून दिली. ती तिने दगडावर वाजवून पाहिली आणि मग बांधली.

पैजेचे एकूण दिले: एक रुपया चार आणे. घेणारी मोहळ्याची बायको. हजर: मी आणि मोहळ्या.