मावशीचा भाव

भिलाईची पहिली भट्टी अजून पेटायची होती, तेव्हा आम्हा सहा मॅट्रिक झालेल्यांना बाजारभाव टिपण्याचे काम शिकवले जात होते. महागाईचा आकडा याच भावांवरून निघणार होता आणि कामगारांचा भत्ता त्या आकड्यावरून. शिकवायला नागपूरहून एक साहेब आले होते. इथलीच माणसे तयार करायची असा हुकूम होता. मात्र आमचे आकडे तपासणीत टिकले नाहीत, तर नागपूरची माणसे आणू, असे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

पहिली तपासणी वांग्यांची निघाली. मी चार आणे शेर लिहिले होते. साहेब स्वतः बाजारात गेले, त्यांना सहा आणे सांगितले गेले.

"घरी बसून लिहिता का?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारले.

मी त्यांना लेबर कॅम्पाजवळच्या बाजारात मावशीकडे नेले. मावशी नात्याची नव्हे, पण आमच्याच भंडाऱ्याकडच्या गावची. नवरा प्लांटात मातीकामावर, ती कुम्हारीहून भाजी आणून विके.

"मावशी, वांगी कशी?"

"तुले चार आने. आन् ह्या मिरच्या घेऊन जाय, तुह्या मायले आवडते."

"आणि साहेबांना?"

"साहेबाले सहा."

"जास्तीचे दोन कशाचे?" साहेबांनी विचारले.

शेजारची कांदेवाली म्हणाली, "एक आना कोटाचा, एक बुटाचा!" सगळी ओळ हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी आम्हाला बाजूच्या बाभळीखाली उभे केले आणि सांगितले, कोणाला काही विचारू नका, नुसते बघा.

दुपारपर्यंत आम्ही बघत होतो. कॅम्पातल्या बायका घासाघीस करत होत्या, उठून जात होत्या, परत येत होत्या. बहुतेकींनी पाच आणे दिले. म्हणजे साहेबांचा भाव कोटाने चढला होता आणि माझा ओळखीने उतरला होता. माझा आकडा तसाच पुढे गेला असता, तर भाजी कागदावर स्वस्त झाली असती आणि भत्ता तेवढा कमी.

त्या दिवसापासून नियम झाला: जिथे ओळख, तिथला भाव घ्यायचा नाही. पुढच्या तपासणीत आमचे आकडे जुळले. नागपूरहून कोणी आले नाही.

मी पलीकडच्या ओळीत, अनोळखी भाजीवाल्याजवळ उभा राहू लागलो. एका रविवारी मावशीने हाक मारली.

"कावून रे, माह्या वांग्याईले किडे पडले का? तिकडंच जाऊन राहिला."

मी तिला सगळे समजावले. ती तराजू हातात धरून ऐकत होती.

"म्हंजे मी तुले सस्त देलं, तं माह्या मानसाले कमी भेटन?"

"तसंच काहीसं."

तिने मान हलवली. मी घरासाठी शेरभर वांगी मागितली. तिने काटा नीट बघून तोलली.

"पाच आने."

"मावशी, हे घरचं आहे. लिहायचं नाही."

"घरचं असो का सरकारचं. भाव एकच, बापा."

पैसे देऊन निघालो. घरी आईने पिशवी उलटी केली, झटकली, आणि विचारले, "आज मिरच्या नाही देल्या तिनं?"